चार पानांची जेलीफिश

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळे फुगे वाहून आले की 'विषारी जेलीफिश आल्या' ही बातमी ठरलेली. डंखाचा इशारा योग्यच, पण तो फुगा, म्हणजे फायसेलिया, ही खरी जेलीफिश नव्हे. एकमेकांना जोडून जगणाऱ्या अनेक जीवांची ती वसाहत असते. मला सांगायचंय ते वसाहत नसलेल्या, एकाच जीवाच्या एका जेलीफिशबद्दल, लिरिओपी टेट्राफिलाबद्दल. अरबी समुद्रासह जगातल्या उबदार समुद्रांत ती राहते. छत्री जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी आणि इतकी पारदर्शक की बशीतल्या पाण्यात आधी तिची सावली दिसते.

ओळखायची कशी? छत्रीच्या मधोमध घंटेच्या लोलकासारखा काचेचा दांडा लोंबतो, छत्रीपेक्षाही लांब. जठर आणि तोंड त्याच्या टोकाला. दांड्यातून वर जाऊन काठाकडे पसरणाऱ्या अरीय, म्हणजे चाकाच्या आऱ्यांसारख्या, नलिका मोजायच्या. साधारणपणे चार असल्या तर लिरिओपी. सहा असल्या तर तिची मोठी बहीण गेरिओनिया. नलिकांवरच चपट्या जननग्रंथी पसरतात, चार पानांसारख्या. टेट्राफिला म्हणजे चार पानांची.

या पानांनीच अभ्यासकांना चकवलं. कुठे ती हृदयाकृती, कुठे त्रिकोणी, कुठे गोलसर. त्यावरून एकोणिसाव्या शतकात कितीतरी 'नव्या' जाती जाहीर झाल्या. पण ग्रंथींचा आकार वयानुसार पालटतो, आणि नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिन द्रावणात प्राणी आकसतो ते वेगळंच. आज त्या साऱ्या एकच जात मानल्या जातात.

स्पर्शकांचं, म्हणजे छत्रीच्या काठाच्या सोंडांचं, तर विचारूच नका, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. पिल्लाला आधी नलिकांच्या रेषेत चार भरीव स्पर्शक फुटतात. मग दोन नलिकांच्या मधल्या जागी आणखी चार, तेही भरीव. त्यानंतर पुन्हा नलिकांच्या रेषेत चार लांब, पोकळ स्पर्शक येतात आणि पहिले चार गळून पडतात. मधले बऱ्याचदा टिकतात. म्हणजे बाळाचे चार आणि प्रौढाचे चार लांब स्पर्शक एकाच रेषेत असूनही वेगळे, दुधाचे दात पडून पक्के यावेत तसे. नुसते स्पर्शक मोजले तर एकच प्राणी तीन वयांत तीन जातींचा वाटेल. म्हणून वर्णन लिहिताना संख्येबरोबर जागा, आणि भरीव की पोकळ, हेही नोंदवावं लागतं.

शिवाय हिला तळाला चिकटून राहणारी पॉलिप अवस्थाच नाही. अंड्यातून अळी, अळीतून थेट छोटी जेलीफिश. म्हणूनच ती किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यावर पिढ्यान् पिढ्या जगू शकते. 'अमर जेलीफिश'चे फॉरवर्ड वाचून तारुण्याची औषधं विकत घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ती करामत ट्युरिटॉप्सिस डॉर्नीची, आणि ती प्रौढावस्थेतून मागे वळते ती पॉलिपकडेच. लिरिओपीला मागे वळायला पॉलिपच नाही. माणसालाही नाही.

तिला नाव दिलं शामिसो आणि आयझेनहार्ट यांनी, 1821 साली. शामिसो जर्मन कवी. 1815 ते 1818 या काळात रुरिक जहाजावर निसर्गअभ्यासक म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला. त्यांनी तिला गेरिओनियातच घातलं होतं. लिरिओपी ही प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गट, पुढे 1843 मध्ये फ्रेंच निसर्गअभ्यासक लेसननं वेगळी केली. म्हणून आजही जातीच्या नावापुढे त्या दोघांची नावं आणि साल कंसात छापतात: कंस दिसला की समजावं, जातीची प्रजाती मागाहून बदललेली आहे.