सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट

चालू प्रोग्रॅम हव्या त्या सूचनेवर, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेवर, थांबावा म्हणून डीबगर (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला मदत करणारा प्रोग्रॅम) त्या सूचनेच्या जागी मेमरीत जी सापळा-सूचना तात्पुरती लिहून ठेवतो, तिला सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट म्हणतात. डीबगर बाहेर बसून प्रोग्रॅमवर नजर ठेवतो असा नवशिक्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो प्रोग्रॅमचा कोडच बदलतो, आणि त्याची निम्मी मेहनत हा बदल झाकून ठेवण्यात जाते.

एक्स८६ प्रोसेसरवर या कामासाठी ‘इंट ३’ ही सूचना आहे. १९७८ च्या ८०८६ पासून ती एकाच बाइटची आहे: षोडशमान पद्धतीत सीसी, म्हणजे दशमानात २०४. ‘इंट’ची सर्वसाधारण सूचना दोन बाइटची असते, पण ती इथे चालली नसती. एक्स८६ वर एका बाइटच्याही सूचना असतात. त्यांच्यावर दोन बाइट लिहिले तर शेजारची सूचना बिघडते, आणि दुसरीकडून उडी मारून थेट त्या शेजारच्या सूचनेवर येणारा प्रोग्रॅम भरकटतो.

लिनक्सवर हे काम ‘पीट्रेस’ या सिस्टिम कॉलने, म्हणजे कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) केलेल्या मागणीने, होते. समजा एखाद्या फंक्शनची सुरुवात ‘५५ ४८ ८९ ई५’ या बाइटनी होते. यातला ५५ म्हणजे आरबीपी हा रजिस्टर (प्रोसेसरमधली छोटी साठवणीची जागा) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनची तात्पुरती मूल्ये आणि परतीचा पत्ता ठेवणाऱ्या मेमरीच्या भागावर, ठेवण्याची सूचना. डीबगर तो ५५ आपल्या तक्त्यात नोंदवतो आणि तिथे सीसी लिहितो. मेमरीत आता ‘सीसी ४८ ८९ ई५’ असते. कोडची पाने (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) एरवी फक्त वाचण्यासाठी असतात, पण पीट्रेसने लिहिताना कर्नल त्या पानाची खासगी प्रत करून देतो. त्यामुळे डिस्कवरची फाइल आणि तोच प्रोग्रॅम चालवणाऱ्या इतर प्रोसेस (प्रोग्रॅमच्या चालू प्रती) जशाच्या तशा राहतात.

प्रोसेसर सीसीवर पोचला की अपवाद (नेहमीचा अंमल थांबवून कर्नलकडे जाण्याचा प्रोसेसरचा इशारा) क्रमांक ३ उठतो, कर्नल प्रोसेसला ‘सिगट्रॅप’ सिग्नल देऊन थांबवतो आणि वाट पाहत असलेल्या डीबगरला जागे करतो. या क्षणी आरआयपी, म्हणजे पुढच्या सूचनेचा पत्ता धरणारा रजिस्टर, सीसीच्या एक बाइट पुढे गेलेला असतो. तो एकने मागे घ्यावा लागतो. स्वतःचा डीबगर लिहिणाऱ्याने नेमके हेच विसरून ५५ परत ठेवला आणि प्रोग्रॅम सोडला, तर अंमल ‘४८ ८९ ई५’ पासून सुरू होतो. आरबीपी स्टॅकवर जातच नाही. फंक्शन संपताना मात्र तो काढायला म्हणून स्टॅकवरचा परतीचा पत्ताच उचलला जातो, आणि प्रोग्रॅम मूळ चुकीपासून बऱ्याच अंतरावर कोसळतो. अशी चूक शोधायला फार वेळ जातो, कारण ब्रेकपॉइंट स्वतः अगदी बरोबर लागलेला दिसतो.

पुढे जायचे तर मूळ बाइट परत ठेवायचा, ट्रॅप फ्लॅग (एका सूचनेनंतर प्रोसेसरला थांबवणारा बिट) लावून एकच सूचना चालवायची, पुन्हा सीसी लिहायचा आणि मग प्रोग्रॅम मोकळा सोडायचा. एकाच थ्रेडच्या, म्हणजे अंमलाचा एकच धागा असलेल्या, प्रोग्रॅमला एवढे पुरते. अनेक थ्रेड असतील तर त्या एका पावलापुरता सापळा उचललेला असतो आणि दुसरा थ्रेड तिथून न थांबता निघून जातो. म्हणून एकतर बाकीचे थ्रेड थांबवून धरावे लागतात, नाहीतर मूळ सूचनेची प्रत दुसऱ्या जागी नेऊन तिथे चालवावी लागते. जीडीबी या प्रचलित डीबगरमध्ये हा दुसरा मार्गही आहे. आरआयपीच्या संदर्भाने पत्ता काढणारी सूचना हलवली की तिचा पत्ता चुकतो, तोही मग सावरून घ्यावा लागतो.

सीसी सूचनेच्या पहिल्याच बाइटवर पडला पाहिजे. ‘बी८ ०५ ०० ०० ००’ ही सूचना ईएएक्स या रजिस्टरमध्ये ५ भरते. सीसी चुकून दुसऱ्या बाइटवर लिहिला गेला तर प्रोग्रॅम थांबत नाही, ईएएक्समध्ये मुकाट्याने २०४ भरून पुढे जातो. फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, जन्मलेल्या प्रोसेसच्या मेमरीतही सीसी उतरतात. तिच्यामागे डीबगर नसेल तर पहिलाच सीसी सिगट्रॅपने तिचा जीव घेतो. म्हणून तिला सोडण्याआधी डीबगरने ते पुसायला हवेत.

६४-बिट आर्मवर प्रत्येक सूचना चार बाइटचीच असते, म्हणून ‘बीआरके’ ही सापळा-सूचना कुठेही नेमकी बसते, आणि पत्ताही तिच्यावरच राहतो, मागे घ्यावा लागत नाही. मात्र तिथे लिहिल्यानंतर सूचनांचा कॅशे (प्रोसेसरजवळचा जलद तात्पुरता साठा) ताजा करावा लागतो, नाहीतर प्रोसेसर जुनीच सूचना चालवू शकतो.

वापरणाऱ्याने तीच मेमरी दाखवायला सांगितली तर जीडीबी सीसीऐवजी ५५ च दाखवतो. स्वतःच्या कोडची बेरीज तपासणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र हा बदल कळतो. रॉममधल्या (फक्त वाचता येणाऱ्या मेमरीतल्या) कोडवर तर लिहिताच येत नाही. अशा ठिकाणी प्रोसेसरचे डीबग रजिस्टर, म्हणजे थांबण्याचे पत्ते धरणारे रजिस्टर, वापरतात. एक्स८६ वर त्यांत एका वेळी चारच पत्ते मावतात.