भूतांत्रिक (माती आणि पायाच्या) डिझाइनमधला जोखमीचा हिशोब (इंदूरच्या काळ्या मातीसंदर्भात)

पाया, भराव किंवा उतार डिझाइन करताना मातीची ताकद एकच पक्का आकडा न धरता ती किती कमी-जास्त निघू शकते ते बघायचं, आणि त्यावरून काम फेल होण्याची प्रोबॅबिलिटी काढायची, अशी ही पद्धत. मातीच्या अभियांत्रिकीतले तज्ज्ञ आर्थर कॅसाग्रांडेंनी १९६४ च्या टेरझागी व्याख्यानात हिशोब करून पत्करलेल्या जोखमीचा विषय मांडला होता.

इंदूरला याची गरज जास्तच आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली माळव्याचा बेसाल्ट, आणि एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत काळीची जाडी वेगळी लागू शकते. त्यात ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मे महिन्यातलं सॅम्पल आणि ऑगस्टमधलं सॅम्पल सारखी ताकद दाखवतच नाही.

नेहमीच्या पद्धतीत फॅक्टर ऑफ सेफ्टी (मातीची ताकद येणाऱ्या भाराच्या किती पट) २ किंवा ३ घेतला की काम झालं असं मानतात, पण खरी गोम इथेच आहे. समजा पायाखालच्या मातीची सरासरी ताकद ३०० किलोपास्कल आणि येणारा भार १५० किलोपास्कल, म्हणजे फॅक्टर २. भाराचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, २० धरू. ताकदीचं ४० असेल तर विश्वासार्हता निर्देशांक, ज्याला सगळे बीटा म्हणतात (ताकद आणि भारातला सरासरी फरक दोन्हींच्या एकत्रित विखुरण्याच्या किती पट), तो ३.३५ येतो आणि फेल होण्याची शक्यता दहा हजारात ४ च्या आसपास. तेच ९० असेल तर बीटा १.६३ वर घसरतो आणि शक्यता थेट शंभरात ५! (ताकद आणि भार दोन्ही नॉर्मल वितरणाचे, म्हणजे सरासरीभोवती घंटेच्या आकारात विखुरलेले, आणि एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरून.) फॅक्टर मात्र दोन्हीकडे २ च, म्हणून रिपोर्टमध्ये नुसती सरासरी देणं मला अर्धवट काम वाटतं, आकडे किती विखुरलेत तेही लिहायलाच हवं. गणित किचकट असेल तर माँटे कार्लो, म्हणजे कॉम्प्युटरवर हजारो वेळा आकडे बदलून तेच डिझाइन तपासायचं.

बोर (माती तपासायला जमिनीत पाडलेली भोकं) वाढवले की हा अंदाज सुधारतो, आणि पुढे कॉलम सरकून भिंती तडकण्यापेक्षा दोन बोर जास्त मारणं कधीही स्वस्त. काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरखाली ऋतूंप्रमाणे होणारी हालचाल जवळपास थांबते, त्यामुळे तिथवर जाणारे अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घेतले तर बरीचशी अनिश्चितता मुळातच टळते. बुजवलेली विहीर किंवा नाला मात्र कुठल्याच बीटात दिसत नाही, त्यासाठी जुने नकाशे काढायचे आणि कॉलनीतल्या जुन्या लोकांना विचारायचं.