जाहिरात-संगीताची परवानगी (कोकण किनारा)

जाहिरात-संगीताची परवानगी : समाजमाध्यमांवरील जाहिरातीत दुसऱ्याचे शब्द, चाल किंवा ध्वनिमुद्रण वापरण्यापूर्वी हक्कधारकांकडून घ्यावयाची लेखी संमती. व्यवसायात यास ‘राइट्स क्लिअर करणे’ किंवा ‘सिंक घेणे’ म्हणतात. हापूसच्या पेट्या, होमस्टे, घरगुती खानावळी आणि तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग यांची जाहिरात रील्समधून होऊ लागल्यापासून मुंबईच्या स्टुडिओंपुरता असलेला हा विषय रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्गातील गावांपर्यंत पोहोचला.

एका गाण्यात किमान तीन हक्क असतात. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती होय. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. मूळ मुदत ५० वर्षांची होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने वाढली. हे तीन हक्क वेगळे असल्यामुळे ध्वनिमुद्रणाचा हक्क असलेल्या रेकॉर्ड कंपनीची संमती मिळाली तरी काम अर्धेच होते. गाणे नव्याने गाऊन घेतल्यास कंपनीची संमती लागत नाही. कवी व संगीतकार यांच्या हक्कधारकांची मात्र लागतेच.

‘सिंक’ हा शब्द चित्र व ध्वनी जुळवण्याच्या क्रियेवरून आला. भारतीय अधिनियमात तो नाही. यावरून दोन मते आहेत : एक, हा स्वतंत्र हक्क आहे, दुसरे, कलम १४ मधील कृतीचा चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण करण्याच्या हक्काला करारांनी दिलेले ते नाव आहे. दुसरे मत अधिनियमाच्या शब्दांना अधिक धरून आहे.

कोकणच्या दृष्टीने सर्वांत अवघड मुद्दा लिपिबद्धतेचा, म्हणजे चाल कागदावर लिहिलेली असण्याचा. १९५७ च्या मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे रेखांकित केलेली स्वररचना. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. ती दुरुस्ती १० मे १९९५ पासून अमलात आली. जाखडी या कोकणी समूहनृत्य-गायनाचे शाहीर, दशावतारातील पद्ये म्हणणारे आणि भजनी बुवा चाली कानावरून घेतात; नोटेशन लिहिण्याची तेथे रीत नाही. मग १९९५ पूर्वी बांधलेल्या, पण कधीच कागदावर न आलेल्या चालीवर हक्क आहे काय? काही अभ्यासक जुनी व्याख्या लावून नाही म्हणतात. इतरांच्या मते नव्या व्याख्येचा लाभ जुन्या रचनांनाही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालात (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन) न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडले होते. कायदा स्वरलिपी लिहिणाऱ्याला जपतो आणि गाणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो, असा त्याचा आशय होता. हे टिपण निकालाचा बंधनकारक भाग नसले तरी पुढच्या दुरुस्त्यांची दिशा त्यात दिसते. दुसरे मत त्या दिशेशी अधिक जुळते, आणि चाल बांधणारा हयात असेल तर त्याला विचारणे हेच योग्य. शब्दांबाबत हा प्रश्न उभा राहत नाही, कारण शाहिराची वही असतेच.

‘पारंपरिक’ हा शिक्का कोकणात फार सैलपणे मारला जातो. खरे लोकगीत, म्हणजे जात्यावरची ओवी, फुगडीचे गाणे, शिमग्यातील जुन्या फाका, कर्ता अज्ञात व मुदत संपलेली असल्याने सर्वांसाठी खुले असते. लोककलाविष्कारांना संरक्षण देणारा वेगळा कायदा भारतात नाही. मात्र त्याच ओवीच्या आजच्या संगीत-संयोजनावर आणि मुद्रणावर नवे हक्क असतात. जाखडीच्या शक्ती-तुऱ्यातील (दोन पक्षांच्या सवाल-जवाबातील) गीते तर बहुधा अनामिक नसतातच : शेवटच्या कडव्यात शाहीर आपली वा गुरूची नाममुद्रा गुंफतो, आणि तीच हक्कधारकाचा पहिला माग देते. डबलबारीतील, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्यातील, गजर अनेकदा सिनेमाच्या चालीवर बांधलेले असतात. तेथे शब्द बुवांचे व चाल दुसऱ्याची, म्हणून दोन दारे ठोठावावी लागतात. कोळीगीतांत गोंधळ सर्वाधिक. ‘मी डोलकर’ हे गीत अनेकांना परंपरेने आलेले वाटते. त्याचे शब्द शान्ता शेळके यांचे व संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे. शेळके यांचे निधन २००२ मध्ये झाले, म्हणजे शब्दांवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत राहील. मासळीच्या थाळीच्या जाहिरातीत ते लावण्यास म्हणूनच परवानगी लागते.

धार्मिक विधी, विवाहाची वरात व त्याला जोडलेले समारंभ यांतील वादनाला कलम ५२ सूट देते. गोवा शासनाने २०२४ मध्ये या सुटीचा अर्थ लावणारे परिपत्रक काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी रद्द केले. तो वाद समारंभात गाणी वाजवण्यापुरता होता. किनाऱ्यावरील रिसॉर्टने त्याच लग्नाचे चित्रण आपल्या जाहिरातीत घेतले, तर या सुटीचा आधार उरत नाही. पालखीपुढच्या भजनाचेही तसेच.

सादरकर्त्याचा हक्क वेगळा. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९९ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचा झाला. ‘सादरकर्ता’ या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. मग नमन या कोकणी लोकनाट्यातला मृदंगी किंवा दशावतारातला पायपेटीवाला तिच्याबाहेर कसा राहील? हॉटेलमालकाने अंगणातल्या खेळ्यांचे (नमनाच्या कलावंतांचे) मोबाइलवर चित्रण केले म्हणून ते जाहिरातीत लावण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. मंडळाला सुपारी दिली ती प्रयोगाची. जाहिरातीची संमती व मोबदला निराळा ठरवावा आणि मंडळाचे नाव द्यावे. ओळख मिळणे हाही कलम ३८ख नुसार सादरकर्त्याचा हक्क आहे. किनाऱ्यावरच्या कलावंतांबाबत नेमकी हीच बाब सर्वाधिक दुर्लक्षिली जाते, आणि तो अन्याय आहे.

संमती लेखीच हवी. तीत माध्यम, मुदत, प्रदेश आणि पैसे देऊन प्रसार म्हणजे ‘बूस्ट’ करण्याची मुभा लिहावी. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असे कलम १९ मानते. आखाती देशांतील आंबा-ग्राहकांसाठी जाहिरात करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. जुन्या कॅसेटांचा प्रश्न येथेच येतो. करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाला, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, हक्कांचे हस्तांतरण लागू होत नाही असे २०१२ च्या दुरुस्तीने ठरवले. ती दुरुस्ती त्यापूर्वीच्या करारांना लावता येते काय, यावर एकमत नाही. ती पूर्वलक्षी नाही हे मत सध्या अधिक ग्राह्य दिसते. तरीही कॅसेट कंपनीबरोबर मूळ गायक-कवीच्या घरच्यांचीही सही घेणे सुरक्षित.

इन्स्टाग्राम व फेसबुकवरील गाण्यांचा साठा वैयक्तिक, अव्यापारी वापरासाठी असतो. व्यापारासाठी या दोहोंची मालक कंपनी मेटा हिचा ‘साउंड कलेक्शन’ हा साठा निराळा. यूट्यूबवर कंटेंट आयडीचा (गाणे आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा) दावा आणि स्ट्राइक (हक्कभंगाच्या तक्रारीवरून चॅनेलला मिळणारी ताकीद) या दोन भिन्न गोष्टी असून ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास चॅनेल बंद होऊ शकते. ‘पंधरा किंवा तीस सेकंद चालतात’ या समजुतीला अधिनियमात कोठेही आधार नाही.

हक्कभंगास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी कृत्य केलेले नसल्यास न्यायालय शिक्षा कमी करू शकते. जाहिरातदाराला ही सवलत मिळणे कठीण.