पेडलला ‘सा’ सांगावा लागतो

नाशिकच्या बँडमधला दुसरा गिटारिस्ट बहुधा हिंजवडीत असतो. कॉलेजात असताना गंगापूर रोडवरच्या कुणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत चौघं-पाचजण जमतात, दोन गिटारींचा मेळ बसतो, चार कार्यक्रम होतात आणि मग कॅम्पस प्लेसमेंट येते. मागे राहिलेल्याला दोघांचं वाजवावं लागतं. गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेज रोडवरच्या कॅफेतली शनिवारची संध्याकाळ, दोन गिटारी जोडीनं वर चढतात त्या तुकड्यात एकटी गिटार उघडी पडते. मग कुणीतरी सुचवतं, “हार्मोनायझर घे ना.” म्हणजे वाजवलेल्या सुराला आपोआप जोडीचा सूर देणारं, पायानं चालू-बंद करायचं पेडल.

घ्यायचा खरा, पण कोणता? दुकानात गेलेला माणूस आवाज गोड आहे का ते बघतो आणि किंमत विचारतो. हे पेडल मुळात दोन अंदाज बांधणारं यंत्र आहे. तुम्ही आत्ता कोणता सूर वाजवलात, हा पहिला अंदाज. त्याच्या जोडीला कोणता सूर शोभेल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे, दुसऱ्याचं संगीतात. पारखायचे असतात ते हे अंदाज.

सूर उंच करायची सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे ध्वनिमुद्रण भरभर वाजवणं. वॉकमनची बॅटरी उतरली की गायक घोगरा व्हायचा, त्याचंच हे उलट रूप. पण वेग दुप्पट केला तर एका सेकंदाचा तुकडा अर्ध्या सेकंदात संपतो, आणि गिटारिस्ट तर अजून वाजवतोच आहे. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या इव्हेंटाइड कंपनीनं एच९१० नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्यानं ही अडचण डिजिटल मेमरीनं सोडवली. आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजून ते आकडे छोट्याशा मेमरीत गोल गोल लिहीत राहायचं आणि वाचायचं मात्र निराळ्या वेगानं. वाचन जलद झालं की सूर वर जातो. पण जलद वाचणारा थोड्याच वेळात लिहिणाऱ्याला गाठतो, मग त्याला मागे उडी मारून थोडा भाग पुन्हा वाचावा लागतो. प्रत्येक उडीला एक सांधा पडतो. उडी मारण्याआधी ध्वनिलहर शिखरावर आणि उडीनंतर दरीत असेल, तर ‘टक्’ असा आवाज येतो. यालाच वाजवणारे ग्लिच म्हणतात. कंपनीच्या पुढच्या एच९४९ मध्ये लहरी जुळतील अशीच जागा शोधून उडी मारण्याची सोय आली.

‘हार्मोनायझर’ हा इव्हेंटाइडचा ट्रेडमार्क आहे. म्हणून बॉस कंपनीच्या पेडलवर ‘हार्मोनिस्ट’ असतं, इतरांवर ‘पिच शिफ्टर’ वगैरे. दुकानात किंवा ऑनलाइन शोधताना या सगळ्या नावांनी शोधा.

लहरी जुळवायच्या तर एक लहर किती लांब आहे ते आधी कळायला हवं, म्हणजे सूर ओळखायला हवा. गिटारची सगळ्यात जाड तार, खालचा ई, सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. एका कंपनाला १२ मिलिसेकंद लागतात. लहर एकदा तरी पूर्ण झाल्याशिवाय तिची लांबी सांगता येत नाही आणि खात्रीसाठी दुसरीही बघावी लागते, म्हणजे झाले २४ मिलिसेकंद. सर्वात बारीक तारेची कंपनं सुमारे ३३०, तिथे हेच काम ६ मिलिसेकंदांत उरकतं. कितीही पैसे मोजा, सूर ओळखायचा असेल तर जाड तारेवर ही वाट बघावीच लागते. आवाज हवेत एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. त्या हिशेबानं २४ मिलिसेकंद म्हणजे ॲम्प्लिफायर आठ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. संथ आलापीत ते जाणवत नाही. जलद तानेत बोटं पुढे आणि जोडीचा सूर मागे अशी फरपट होते. म्हणून दुकानात पहिल्यांदा सहाव्या तारेवर भराभर वाजवून बघावं. आपले लोक बाराव्या फ्रेटवर बारीक तारा छेडतात आणि ‘ट्रॅकिंग (म्हणजे सूर पकडणं) मस्त आहे’ म्हणत पैसे देतात.

एका वेळी एकच तार वाजली तर हे गणित चालतं. पूर्ण कॉर्ड वाजवली की अनेक लहरी एकमेकींत मिसळतात आणि एका लहरीची लांबी शोधणारं पेडल गोंधळून जातं. कॉर्ड पेलणारी पेडलं वेगळी असतात: इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं पॉग फक्त सप्तकं जोडतं, त्यांचंच पिच फोर्क ठरावीक अंतराचा सूर देतं, आणि डिजिटेकच्या नव्या व्हॅमीत कॉर्डसाठी निराळा मोड आहे. पण यांच्यापैकी कुणालाही तुमचा ‘सा’ कुठे आहे हे माहीत नसतं आणि तो त्यांना सांगताही येत नाही.

आणि खरी गंमत ‘सा’मध्येच आहे. शुद्ध स्वरांत एक सोडून पुढचा सूर जोडीला घेतला की ऐकायला गोड लागतं: सा बरोबर ग, रे बरोबर म, ग बरोबर प. पण ही अंतरं सारखी नाहीत. कीबोर्डवर लागून असलेल्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर. सा ते ग चार अर्धस्वर, रे ते म तीनच. सातांपैकी सा, म आणि प या तीन सुरांवर चार अर्धस्वर लागतात, उरलेल्या चौघांवर तीन. इंदिरानगरमधल्या एका सरावाच्या खोलीत हे समोर घडताना पाहिलं. पेडल ‘चार अर्धस्वर वर’ असं लावलेलं. सा वाजला, वर ग आला, सगळे खूश. रे वाजला आणि वर तीव्र म उमटला. कीबोर्डवाल्यानं मान वर केली. ग वाजल्यावर कोमल ध आला, तेव्हा त्यानं हातच उचलले. पेडल बिघडलेलं नव्हतं. सांगितलेलं काम ते इमानानं करत होतं.

बॉस पीएस-६ सारख्या पेडलवर पट्टी आणि मेजर-मायनर (मेजर म्हणजे आपले शुद्ध स्वर) निवडता येतं. मग ते सूर ओळखून तीन की चार हे स्वतः ठरवतं. पाश्चात्त्य गाण्यांना एवढं पुरतं. पण पाडवा पहाट ऐकत वाढलेल्या नाशिककराला कधी ना कधी गिटारवर यमन वाजवावासा वाटतोच, आणि मेजरवर लावलेलं पेडल रेच्या डोक्यावर शुद्ध म बसवतं, यमनात तर म तीव्र. यमन गेला! यावर तोड सोपी आहे, पण पेडलच्या माहितीपुस्तकात ती सापडणार नाही. यमनचे सातही सूर म्हणजे पंचमाला सा मानून लावलेले शुद्ध स्वर. म्हणून पेडलला सा न सांगता प सांगायचा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर पेडल काळी चारच्या मेजरवर लावा. पेडलवर तिचं नाव बहुधा ए फ्लॅट असतं. खमाजसाठी मध्यम सांगायचा, काफीसाठी कोमल नी, आसावरीसाठी कोमल ग, भैरवीसाठी कोमल ध. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी (थाट म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच) बिलावल धरून सहा असे निभावतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र कुठलाही सूर सा मानला तरी मेजरच्या साच्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक सुराचा जोडीदार आपण नेमून देऊ शकू असं यंत्र लागतं. बॉसच्या जीटी मालिकेतल्या मल्टिइफेक्टमध्ये तशी सोय आहे. रागसंगीतात असे जोडसूर चालत नाहीत हे कबूल. हा सगळा खटाटोप भावगीतं आणि फ्यूजनवाल्यांसाठी.

भूप मात्र वेगळाच सापळा आहे. त्यात म आणि नी वर्ज्य. मेजरवर लावलेलं शहाणं पेडल रेला म जोडतं आणि पला नी, म्हणजे पाचांपैकी दोन सुरांवर रागाबाहेरचा पाहुणा. भूपाच्याच सुरांत एक सोडून पुढचा घेतला तर सा-ग, रे-प, ग-ध, प-सा, ध-रे अशा जोड्या होतात. आता अंतरं मोजा: सा-ग सोडून बाकी चारही ठिकाणी पाचच अर्धस्वर. म्हणजे भूपासाठी महागड्या पेडलची गरजच नाही. ठरावीक पाच अर्धस्वर वर देणारं साधं पेडल लावा आणि सा आला की पायानं बंद करा, कारण तिथे तेवढा म उमटेल. एका अंतऱ्यात पाय किती वेळा हलवायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मींडेत तर शहाण्या पेडलांचीही परीक्षा होते. तार ओढून ग वरून म वर गेलात तर मूळ सूर एक अर्धस्वर सरकतो, पण जोडीच्या सुराला प ते ध असे दोन अर्धस्वर सरकायचं असतं. काही पेडलं तो मध्येच टुणकन् उडवतात. दुकानात हीच मींड मुद्दाम सावकाश घेऊन बघा.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत करणारं पेडल. हार्मोनायझर त्याच्या आधी लावायचा की नंतर, यावर वाजवणाऱ्यांची भांडणं होतात. उत्तर सुरांच्या नेमक्या अंतरात आहे. बहुतेक पेडलं सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात. समजा ४४० हर्ट्झचा सूर वाजवला. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार ५:४ या प्रमाणात, म्हणजे ५५० वर असतो. पेडलचा गंधार ५५४ च्या थोडा वर येतो. हार्मोनियमवर जे आक्षेप होते त्यांत हाही एक होता, आणि आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली होती. स्वच्छ आवाजात एवढा फरक बहुतेकांना चालतो. पण दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. ५५० वजा ४४० म्हणजे ११०, बरोबर दोन सप्तकं खालचा सा. ५५४.४ वजा ४४० म्हणजे ११४.४, आणि हा सूर सापेक्षा अर्ध्या अर्धस्वराहूनही जास्त वर, धड सा नाही की कोमल रे नाही. तळाशी ऐकू येणारी घरघर ती हीच. डिस्टॉर्शन आधी आणि हार्मोनायझर नंतर लावला तर प्रत्येक सूर वेगळा खरखरतो, घरघर जाते आणि दोन गिटारी वाजल्याचा भास होतो. किंमत एवढीच, की पेडलला खरखरीत आवाजातून सूर ओळखावा लागतो आणि काही पेडलं तिथे अडखळतात. सप्तक आणि पंचम जोडायचे असतील तर हार्मोनायझर आधी लावला तरी चालतो, पंचमातला फरक नगण्य असतो. गंधारासाठी मी नंतरच लावीन.

विजेचंही बघावं लागतं. साध्या डिस्टॉर्शनला काही मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल पेडलला अनेकदा शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त लागतात, त्यामुळे ९ व्होल्टची बॅटरी कार्यक्रमाच्या मध्यात मान टाकते. घरातला राउटरचा ॲडॉप्टर जोडायचा मोह टाळा. त्याचे व्होल्ट बहुधा जास्त असतात आणि ध्रुव उलटे. पेडलांना साधारणपणे आतल्या टोकाला ऋण लागतो.

दुकानात स्वतःची गिटार न्या, नेहमी जशी लावता तशीच लावून. गायकाच्या पट्टीसाठी तारा अर्धा स्वर उतरवत असाल किंवा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावत असाल, तर पेडलवरची पट्टी बोटांच्या आकारावरून ठरवू नका. बोटं सी धरतात, पण कॅपोमुळे वाजतो डी, आणि पेडलला फक्त वाजलेलं कळतं. सीवर लावलेल्या पेडलमधून डीचं गाणं वाजवलंत तर सा आणि प चुकीची जोडी घेऊन येतील आणि दुकानदार तुम्हाला त्याहून महाग पेडल दाखवेल.