कोहिस्तान (भूरचना)

कोहिस्तान म्हणजे पाकिस्तानच्या उत्तरेचा डोंगराळ पट्टा, दक्षिणेला भारतीय प्लेट, उत्तरेला काराकोरम आणि हा दोघांच्या मधे चेपून बसलेला. पण इथले बरेचसे खडक मुळात दोघांपैकी कुणाचेच नाहीत, ते टेथिस समुद्रातल्या (भारत आणि आशियाच्या मधला, आता नाहीसा झालेला समुद्र) ज्वालामुखी बेटांच्या कमानीचे, म्हणजे आयलंड आर्कचे आहेत. आज पॅसिफिकमधे मारियाना बेटं आहेत ना, तशीच रांग साधारण १० कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशियस काळात, टेथिसमधे होती. समुद्रतळाची एक प्लेट दुसरीखाली सरकली, तिच्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचं मँटल, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा खडकांचा थर, वितळायला लागलं आणि तो वितळलेला खडक, म्हणजे मॅग्मा, वर येऊन बेटं झाली. पुढे भारत उत्तरेला सरकत आला, ५ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आशियाला धडकला आणि कमान मधे अडकली. ती आधी आशियाला चिकटली की भारताला, यावर भूशास्त्रज्ञांमधे वाद आहे. उत्तरेकडच्या सांध्याला श्योक सांधा म्हणतात, दक्षिणेकडच्याला सिंधू सांधा किंवा मेन मँटल थ्रस्ट.

कोहिस्तानचं खरं महत्त्व वेगळंच आहे. जिवंत आर्कचा फक्त माथा दिसतो, तळाशी काय चाललंय ते भूकंपलहरींवरून ताडावं लागतं. इथे मात्र धडकेत सगळं कवच उत्तरेकडे कलंडलंय, त्यामुळे काराकोरम हायवेने दक्षिणेकडून उत्तरेला निघालं की ढोबळमानाने आपण आर्कच्या तळातून माथ्याकडे जातो, आणि हे जगात फार कमी ठिकाणी बघायला मिळतं, अलास्कातली टल्कीटना रांग हे दुसरं नावाजलेलं उदाहरण. दक्षिणेकडच्या जिजालला मँटलचे जड खडक आणि लालसर गार्नेट खनिजवाले ग्रॅन्युलाइट (खोलवर प्रचंड उष्णता-दाबात बदललेले खडक) लागतात, हे एकेकाळी ४० किलोमीटरच्या आसपास खोल होते! मग कामिलाचे काळपट अँफिबोलाइट (हेही उष्णता-दाबाने बदललेले खडक), मग चिलासचा गॅब्रोचा (जमिनीखाली हळूहळू गोठलेल्या मॅग्माचा गडद खडक) अवाढव्य पट्टा, जवळजवळ ३०० किलोमीटर लांब आणि साधारण साडेआठ कोटी वर्षं जुना. गिलगिटकडे ग्रॅनाइटी खडक येतात. त्यापुढे चाल्टला चक्क समुद्रतळावर ओतलेला लाव्हा आहे, पाण्यात पटकन गार झाल्यामुळे उशांसारखे गोळे झालेला. पश्चिमेकडच्या यासीनच्या चुनखडीत समुद्री जीवांचे जीवाश्मही सापडतात.

पूर्वेला ८१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वताने ही कमान तोडलीय, तिथे खालची भारतीय प्लेट वर घुसलीय आणि कोहिस्तानचा थर झिजून गेलाय. पण कमान तिथे संपत नाही, पलीकडे लडाखमधे परत सुरू होते. झोजी ला ओलांडून पुढे गेलं की द्रासजवळचे ज्वालामुखी खडक हे याच कमानीचे मानले जातात.