उड्डाण-वेळापत्रक व विमाननेमणूक, प्रवासी-निवडीवर आधारित

विमान कंपनीने कोणत्या मार्गावर, किती वाजता उड्डाण ठेवावे आणि त्यावर ताफ्यातील कोणत्या प्रकारचे विमान लावावे, हे प्रवासी समोरच्या पर्यायांतून कशाची निवड करतील याचा अंदाज बांधून ठरविण्याची गणिती पद्धती. तयार वेळापत्रकाला विमानप्रकार वाटून देण्याच्या भागाला ‘फ्लीट असाइनमेंट’ म्हणतात.

या विषयाचा प्रारंभ साधारणपणे अबारा यांच्या 1989 मधील पूर्णांकी प्रोग्रॅमिंगच्या (चलांना केवळ पूर्णांक किमती देऊन सर्वोत्तम उत्तर शोधण्याच्या पद्धतीच्या) मांडणीपासून धरला जातो. तथापि फर्ग्युसन व डँट्झिग यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यासच मागणी अनिश्चित मानून मार्गांवर विमाने वाटण्याचा प्रश्न सोडविला होता. प्रवाशांच्या वर्तनाचा विचार केंद्रस्थानी ठेवायचा, तर हाच उगम अधिक समर्पक वाटतो. पुढे अमेरिकेतील डेल्टा या विमान कंपनीने रोजच्या सुमारे 2,500 देशांतर्गत उड्डाणांसाठी अशी प्रणाली वापरली व तिचा वृत्तांत 1994 मध्ये प्रसिद्ध झाला.

फ्लीट असाइनमेंटच्या गणिती प्रतिमानात (मॉडेलमध्ये) प्रत्येक विमानतळासाठी एक कालरेषा आखतात. उड्डाण म्हणजे दोन कालरेषा जोडणारा दुवा आणि जमिनीवरचा थांबा म्हणजे त्याच रेषेवरचा दुवा. प्रत्येक बिंदूशी जितकी विमाने येतील तितकीच निघावीत आणि कोणत्याही क्षणी वापरातील विमाने ताफ्यातील संख्येपेक्षा जास्त नसावीत, या मुख्य अटी होत.

आरंभीची प्रतिमाने प्रत्येक उड्डाणाची मागणी स्वतंत्र मानीत. 180 आसनांच्या विमानासाठी 200 प्रवासी इच्छुक असतील, तर 20 जण गमावले, असा तो हिशेब. परंतु त्यांतील काही जण त्याच कंपनीचे दुपारचे उड्डाण पत्करतात आणि वाटेत विमान बदलणाऱ्याला तर दोन्ही टप्प्यांवर आसन लागते. बार्नहार्ट, निकर व लोहाटेपानोंट यांनी 2002 मध्ये संपूर्ण प्रवासमार्ग हा एकक धरून ही उणीव बरीचशी दूर केली.

निवडीचे प्रमाण काढण्यासाठी बहुधा मॅकफॅडन यांनी 1974 मध्ये मांडलेले लॉजिट प्रतिमान वापरतात; त्यात प्रत्येक पर्यायाला त्याच्या आकर्षकतेच्या प्रमाणात प्रवाशांचा वाटा मिळतो. त्यातील एक दोष येथे विशेष जाणवतो. सकाळी 8 आणि सायंकाळी 7 ची उड्डाणे प्रवासी निम्मेनिम्मे वाटून घेत असताना 8.10 चे तितकेच आकर्षक उड्डाण सुरू केले, तर लॉजिटनुसार तिघांना प्रत्येकी एक-तृतीयांश वाटा मिळतो, म्हणजे सायंकाळचे उड्डाण सकाळच्याइतकेच प्रवासी गमावते. प्रत्यक्षात नवे उड्डाण मुख्यतः 8 च्याच प्रवाशांना ओढणार. म्हणून जवळच्या वेळांचे गट पाडणारे ‘नेस्टेड लॉजिट’ अधिक विश्वसनीय ठरते, मात्र त्याने गणन जड होते. वाट्याचे सूत्र मुळातच अरैखिक (सरळ प्रमाणात न बदलणारे) असल्याने वेळापत्रक व नेमणूक एकत्र सोडविणे कठीण जाते. गॅयेगो, रॅटलिफ व शेबालोव यांनी 2015 मध्ये पर्यायनिहाय विक्री हेच चल मानून त्याला रैखिक रूप दिले.

उड्डाणाची तारीख जवळ येऊन आरक्षणाचे चित्र स्पष्ट झाल्यावर विमानांची अदलाबदलही करता येते. एअरबसच्या ए-319, ए-320 व ए-321 या विमानांचे वैमानिक-मानांकन (त्या प्रकारचे विमान चालविण्याची वैमानिकाची पात्रता) समान असल्याने या कुटुंबात ती सोयीची जाते. अर्थात केबिन कर्मचाऱ्यांची संख्या व देखभालीचे वेळापत्रक जुळले पाहिजे.