कीबोर्डच्या बटणांखाली दिवे आले कुठून

गणपतीच्या आधी पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्या ‘पिक्सेल’ माळा विकायला असतात, त्यांतला प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवू शकतो. गेमिंग कीबोर्डची रोषणाई याच घराण्यातली. लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक एलईडी एका डबीत बसवायचे आणि प्रत्येकाची तीव्रता कमीजास्त करून हवा तो रंग काढायचा, एवढंच तत्त्व.

यातला निळा फार उशिरा आला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्येच बनवला होता. झगझगीत निळ्यासाठी मात्र १९९३ उजाडावं लागलं. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तो तयार केला; इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांचं कामही त्याच दिशेनं चाललं होतं. तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याशिवाय पांढराही निघत नाही, त्यामुळे त्याआधी आरजीबी (म्हणजे लाल-हिरवा-निळा) कीबोर्डचा विचार करण्यात अर्थच नव्हता.

बटणं उजळण्याचं मूळ कारण अगदी साधं होतं: अंधारात अक्षरं दिसावीत. ॲपलच्या २००३ च्या १७ इंची पॉवरबुकमध्ये खोलीतला उजेड कमी झाला की बटणं आपोआप उजळायची. लॉजिटेकचा जी१५ २००५ मध्ये आला, गेमिंगसाठीच, पण त्याचा प्रकाश एकरंगी निळा. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत तेव्हा काउंटर-स्ट्राइक हा गेम जोरात होता आणि तिथल्या कीबोर्डवरची डब्ल्यू, ए, एस, डी ही खेळताना हालचालीसाठी लागणारी अक्षरं घासून पार गेलेली असायची. दिवे लावून तरी काय दिसणार होतं!

खरी उडी २०१४ ची. कॉर्सेअर कंपनीचा के७० आरजीबी आणि रेझर कंपनीचा ब्लॅकविडो क्रोमा हे कीबोर्ड एकाच वर्षी आले. प्रत्येक बटणाला स्वतंत्र रंग आणि जाहिरातीत ‘१.६८ कोटी रंग’. हा आकडा आला कुठून? प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ म्हणजे १,६७,७७,२१६. गणित बरोबर आहे, पण शेजारशेजारच्या दोन छटांतला फरक डोळ्यांना कळतो असं नाही. मला तरी हा आकडा खोक्यावर छापण्यापुरताच वाटतो.

अवघड गोष्ट वेगळीच होती. १०४ बटणं, प्रत्येकाखाली तीन, म्हणजे ३१२ एलईडी. प्रत्येकाला २० मिलिॲम्पिअर दिले तर सहा ॲम्पिअरच्या वर विजेची गरज, यूएसबी २.० चं पोर्ट देतं जेमतेम ५०० मिलिॲम्पिअर. म्हणून सगळे दिवे एकदम लावतच नाहीत. बहुतेक कीबोर्डांत आतली चिप ओळीमागून ओळ इतक्या वेगानं पेटवते-विझवते की आपल्याला सगळंच पेटलेलं दिसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की कधीकधी काळे पट्टे सरकताना दिसतात, ते यामुळेच. के७० आरजीबीला तर दोन यूएसबी पिना होत्या. शिवाय प्रकाश वर यायला वाट हवी, म्हणून बटणांखालचे स्विच बनवणाऱ्या चेरी कंपनीनं स्विचचं कवच पारदर्शक केलं आणि अक्षरं पारभासक प्लॅस्टिकची झाली.

चेरीच्या मूळ स्विचच्या पेटंटची मुदत संपली आणि काइल्ह, गॅटेरॉन, औटेमू या कंपन्यांचे तशाच रचनेचे स्वस्त स्विच बाजारात पसरले. कीबोर्डच्या किमती उतरल्या. पण स्वस्तात घेताना एक बघावं: खोक्यावर ‘रेनबो’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक ओळीचा रंग कारखान्यातच ठरलेला असतो. तो बदलता येत नाही, फार तर लुकलुकवता येतो.

सॉफ्टवेअरचा गोंधळ अजून निस्तरलेला नाही. रोषणाई ठरवायला प्रत्येक कंपनीचं वेगळं: रेझरचं सिनॅप्स, लॉजिटेकचं जी हब, कॉर्सेअरचं आयक्यू. कीबोर्ड एकाचा आणि माउस दुसऱ्याचा असेल तर दोन्ही कंपन्यांची सॉफ्टवेअर पार्श्वभूमीला चालू ठेवायची. याला कंटाळलेल्यांनी ओपनआरजीबी हे मुक्त सॉफ्टवेअर उभं केलं. स्वतः कीबोर्ड जुळवणारे क्यूएमके हे सॉफ्टवेअर वापरतात. ते थेट कीबोर्डच्या चिपमध्येच भरलं जातं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ मध्येच रोषणाई सांभाळणारं ‘डायनॅमिक लायटिंग’ आणलं, पण त्यासाठी कीबोर्डमध्येही त्याची सोय लागते.

इतकं करून बहुतेकांचा कीबोर्ड डावीकडून उजवीकडे वाहणाऱ्या इंद्रधनुष्यावरच अडकलेला असतो. दुकानातून आला तसा! स्वतंत्र रंगांचा खरा फायदा खुणेसाठी आहे. गेममध्ये लागणारी बटणं तेवढी उजळायची, बाकी विझवायची.

मराठी टाइप करणाऱ्यालाही तो फायदा घेता येतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत स्वर आणि मात्रा साधारण डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात. दोन बाजूंना दोन रंग दिले की शिकणाऱ्याला अर्धी मांडणी नजरेनं कळते. ‘डी’वरच्या हलन्ताला तिसरा रंग द्यावा, कारण जोडाक्षर आलं की बोट तिथंच अडतं. खालच्या ओळीत मात्र म, न, व ही व्यंजनं सी, व्ही, बी वर येतात, तेवढी तीन बटणं उजव्या बाजूच्या रंगाची करावी लागतात. देवनागरी अक्षरांचे अपारदर्शक स्टिकर चिकटवले तर प्रकाश अडतो, फक्त कडेनं झिरपतो. आणि रंग ठरले की ते कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवायचे, सोय असेल तर. नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडल्यावर पुन्हा तेच वाहतं इंद्रधनुष्य.